अण्णांच्या कानानं घेतलेली होडी

समजा, तुम्हाला इंजिनाची जुनी होडी विकत घ्यायची आहे. समोर चिखलात दोन होड्या उभ्या आहेत. एक अठरा फुटी, एका सिलिंडरची. दुसरी अठ्ठावीस फुटी, दोन सिलिंडरची. दोन्हींचं इंजिन होडीच्या पोटात बसवलेलं, तिथून एक लोखंडी दांडा तळातून मागं बाहेर गेलेला आणि त्याच्या टोकाला, पाण्याखाली, पंखा. तुम्ही काय बघाल?

रंग बघू नका. विकणारा कालच रंग मारून बसलेला असतो. आधी तळाचा पत्रा हातोडीनं हळूहळू ठोकत जा. जिथं तो सडलाय तिथं आवाज बद्द येतो. मग दांडा हातानं फिरवा, तो कुठंही न अडकता फिरला पाहिजे. दांडा जिथून बाहेर पडतो तिथं पाणी आत येऊ नये म्हणून ग्रीसमध्ये भिजवलेली दोरी ठासलेली असते, ती कोरडी पडली नाही ना ते बघा. पंख्याची पाती बोटांनी चाचपा. एवढं कुणालाही जमेल. शेवटचं काम मात्र कसबाचं आहे. इंजिन सुरू करायचं, एक सरळ काठी घ्यायची, तिचं एक टोक इंजिनाच्या अंगाला टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटून घ्यायचे. धडधडीच्या मागं आणखी एखादा ठोका लपलाय का, ते ऐकायचं. होडीची पुढची दहा वर्षं त्या अर्ध्या मिनिटात कळतात.

आणि समजा, तुम्हाला ऐकू येत नाही. मग तुम्ही कुणाचा कान मागून घ्याल?

सिद्धनकेरीच्या गुंडाला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. त्याच्याकडं निंगप्पाअण्णांचा कान होता.

सिद्धनकेरी म्हणजे अक्कलकोट तालुक्याचं खालचं टोक, भीमेचा काठ. खालच्या बंधाऱ्यामुळं इथं नदी वर्षातले नऊ महिने तळ्यासारखी पसरलेली असते. पलीकडं कर्नाटक. पुलावरून जायचं तर तेवीस किलोमीटरचा वळसा, होडीनं बारा मिनिटं. इकडच्या लेकी तिकडं दिलेल्या, तिकडची पोरं इकडच्या हायस्कुलात. घाटावर एक वाक्य मराठीत सुरू होतं आणि कानडीत संपतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

गुंडा मूळचा इथला नव्हे. तो सांगोल्याकडच्या मेंढपाळाच्या घरातला. पंचविशीत असताना साठ मेंढरं घेऊन नदी ओलांडायला या घाटावर आला, तेव्हा कळपात रोग शिरला आणि आठ दिवसांत बेचाळीस मेंढरं याच काठावर गेली. उरलेली त्यानं भावाबरोबर पाठवून दिली आणि स्वतः काठावरच बसून राहिला. दोन दिवस घाटाच्या होडीवाल्यानं त्याला नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी जवळ येऊन विचारलं,

"पवाया येतंय का रं?"

"न्हाय."

"मग चांगलं. पवणारा माणूस होडी नीट संभाळत न्हाई. चल, बस."

तो होडीवाला म्हणजे निंगप्पाअण्णा. पिढ्यान्पिढ्या नदीवरचे. मराठी बोलताना मधेच कानडी शब्द टाकायचे आणि समोरचा गोंधळला की हसायचे. त्यांनी गुंडाला आधी बांबूनं होडी ढकलायला शिकवलं, मग सुकाणू, मग इंजिन. डिझेलमध्ये पाणी आलंय हे धुराच्या रंगावरून कसं ओळखायचं, पंख्याला जलपर्णी गुंडाळली तर इंजिन बंद करून उलटा दांडा कसा फिरवायचा, सगळं. गुंडाचं लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्यांना घरचं म्हणून भेटायला अण्णाच गेले. मुलगी झाली तेव्हा प्रियदर्शनी हे नाव अण्णांनीच सुचवलं. अक्कलकोटच्या कुठल्या तरी दुकानाची पाटी त्यांना आवडली होती.

एकोणीस वर्षं गुंडा त्या होडीवर राबला. आणि त्या एकोणीस वर्षांत त्याचे कान गेले.

ते एका दिवसात गेले नाहीत. इंजिन होडीच्या पोटात असलं की चालवणाऱ्याला त्याच्या शेजारीच बसावं लागतं. उजव्या गुडघ्याशी इंजिन, डाव्या हातात सुकाणू. आधी बारीक आवाज गेले: चिमण्या, पैंजण, फोनची रिंग. मग उजवा कान पुरताच मिटला. डाव्यानं समोरच्याचं बोलणं कळायचं, पण इंजिन चालू झालं की सगळ्या आवाजांची मिळून एकच जाड भिंत व्हायची. त्याची बायको कस्तुराबाई त्याच्याशी बोलायच्या आधी डाव्या खांद्यावर दोन टिचक्या मारायची. "कडी वाजवून घरात शिरल्यासारखं करावं लागतंय," असं ती हसत म्हणायची.

गेल्या पावसाळ्यात अण्णांच्या होडीचा तळ जागोजागी सुटला. डागडुजी करण्यापलीकडं गेली होती ती. अण्णा एका सकाळी गुंडाच्या अंगणात आले, चहा घेतला आणि बशी खाली ठेवत म्हणाले, "माजे गुडघे संपले गुंड्या. घाट आता तुजा. तू तुजी होडी बघ."

"आन तुमी?"

"मी दगडावर बसून तुला शिव्या देईन की."

कस्तुराबाई चुलीपाशी होती. तिनं हे ऐकलं होतं. पुढं कितीदा तरी तिनं 'घाट आता तुजा' हे वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

गुंडाला होडी हवी होती ती मोठी. त्याचं कारण मेंढरं. दिवाळी झाली की त्याच्या भावकीतले कळप घाटावर येतात. बिभीषणतात्याचा एकट्याचाच दोनशेच्या घरात. अण्णांच्या होडीत एका खेपेला पंधरा मेंढरं मावायची, त्यामुळं निम्मे कळप कंटाळून पुलाच्या वाटेनं जायचे. सडकेवर ट्रकखाली मेंढरं जायची ती त्याच वाटेवर. चाळीस मेंढरं एका खेपेत नेणारी होडी घाटावर उभी करायची, आपल्याच माणसांची मेंढरं आपण पार करायची, हे गुंडानं मनाशी किती वर्षांपासून धरलं होतं. ज्या काठावर त्याचा कळप संपला होता, त्याच काठावर.

उजनी धरणाच्या फुगवट्यावर, करमाळ्याच्या बाजूला, महिपती नावाचा माणूस दोन होड्या विकतोय असं कळलं. परदेशी पक्षी बघायला येणाऱ्या लोकांना तो पाण्यावर फिरवायचा. आता त्याला टेंभुर्णीला हॉटेल टाकायचं होतं. शेळ्या विकून आणि पतसंस्थेतून उचलून गुंडाकडं एका होडीपुरते पैसे जमले होते. नवरात्रात एका पहाटे तो आणि अण्णा निघाले.

एसटीत अण्णा खिडकीशी बसले, गुंडा त्यांच्या उजव्या हाताला, म्हणजे डावा कान त्यांच्याकडं. मोहोळच्या पुढं अण्णांना फोन आला. ते कानडीत बराच वेळ बोलले, बहुतेक वेळ ऐकतच होते. गुंडाला गाडीच्या आवाजात काही कळलं नाही.

"कोन?"

"हेमावती."

हेमावती म्हणजे अण्णांची मुलगी. तिचा नवरा विरुपाक्ष सोलापुरात यंत्रमागावर होता.

"बरी हाय का?"

"हाय," अण्णा म्हणाले, आणि खिडकीतून बाहेर बघत राहिले.

महिपती काठावर खुर्ची टाकूनच बसला होता. बोलका माणूस. "या. बसा. चहा घ्या. आतापासनं सवय करतुय, हॉटेल टाकायचं म्हनल्यावर." मग त्यानं दोन्ही होड्यांकडं हात केला. "धाकली डिझेल कमी पिती. थोरली जास्त पिती, पण वाहती पण तेवढंच. किमतीत लई फरक न्हाई. थोरलीला गिऱ्हाईकच कमी. तुमी ठरवा."

आधी धाकटी बघितली. अण्णांनी तळ ठोकला, दांडा फिरवला, काठी कानाला लावली. थोडा वेळ ऐकून मान हलवली. "चांगलं हाय. घड्याळासारखं."

मग थोरली. गुंडा चपला काढून आत उतरला. पावलं टाकत त्यानं लांबी मोजली, मग रुंदी, मग मधेच उभा राहून त्यानं दोन हात असे पसरले की जणू दोन्हीकडं मेंढरं उभी आहेत आणि तो त्यांना आवरतोय. महिपती हसायला लागला.

"पक्षी बघायचे न्हाईत का पावन्यांना?"

"पाव्हण्याला मेंढरं दिसत्यात," अण्णा म्हणाले.

"चाळीस बसत्यात," गुंडा म्हणाला. "अण्णा, चाळीस. दाटीवाटीनं पंचेचाळीस."

महिपतीनं हँडल मारलं. दोन फटक्यांत इंजिन सुरू झालं. अण्णांनी कडेची बाभळीची काठी घेतली, एक टोक इंजिनाला टेकवलं, दुसरं कानामागं. डोळे मिटले. गुंडा त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होता. त्याला इंजिनाचं काही ऐकू येत नव्हतं, पण अण्णांच्या चेहऱ्याचं कळायचं. पण त्या दिवशी तो चेहरा कोरा होता. अण्णांनी डोळे उघडले, काठी दुसऱ्या जागी लावली, पुन्हा ऐकलं. मग वेग वाढवायला सांगून तिसऱ्यांदा ऐकलं. धाकटीला त्यांनी एकदाच ऐकलं होतं.

शेवटी त्यांनी काठी टाकून दिली आणि गुंडाला हातानं खूण करून बाजूला नेलं. इंजिन अजून चालूच होतं, म्हणून थोडं लांब, बाभळीपर्यंत.

"ब्याड," अण्णा म्हणाले. नको.

"काय झालं?"

"दुसऱ्या सिलिंडरखालचं बेरिंग गेलंय. ठोका हाय. आज बारीक हाय, दोन महिन्यांत आतला क्रँकचा दांडा खाईल. भर नदीत बंद पडलं तर काय करशील?"

"दुरुस्त करून घेतलं तर?"

"सगळं इंजिन उतरवायचं, खोलायचं, क्रँक काढून सोलापूरला घासायला न्यायची. हंगाम गेला म्हणून समज."

महिपतीला लांबूनच अंदाज आला. तो जवळ येत म्हणाला, "ठोका? कसला ठोका? मी रोज बसतुय त्याच्याशेजारी."

"ऐकू येणाऱ्याला येतो," अण्णा म्हणाले.

महिपती चिडला, पण गुंडानं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. विकणारा असंच बोलणार. गुंडा परत थोरलीपाशी गेला. धडधडणाऱ्या इंजिनाकडं त्यानं हात पुढं केला. कान गेलेल्या माणसाचा तळहात हळूहळू तयार होत जातो. चालत्या इंजिनावर सपाट हात ठेवला की कुठं काय हलतंय ते गुंडाला कळायचं. अण्णांच्या होडीवर शेवटची चार-पाच वर्षं त्यानं तसंच तर काम केलं होतं. हात इंजिनापासून वीतभर लांब असताना त्यानं तो मागं घेतला.

का घेतला, ते मेंढपाळाच्या घरात वाढलेल्यालाच कळेल. बाजारात मेंढरू घ्यायला जाताना त्याच्या भावकीत एक पारखी बरोबर नेतात. तो मेंढराच्या पाठीवरून, बरगड्यांवरून हात फिरवतो, दात बघतो आणि हो किंवा नाही म्हणतो. त्याचा हात लागल्यावर घेणारा स्वतःचा हात लावत नाही. लावला तर त्याचा अर्थ, विकणाऱ्याच्या देखत आपण आपल्याच माणसाला खोटं पाडलं. गुंडाचा बाप त्यापायी एकदा लंगडं मेंढरू घेऊन घरी आला होता आणि तरी पारख्याला एका शब्दानं बोलला नव्हता.

गुंडानं धाकटी घेतली.

ती टेम्पोतून घाटावर आली तेव्हा अण्णांनीच नारळ फोडला. होडी खरंच चांगली होती. हँडलच्या एका फटक्यात सुरू व्हायची, धूर नाही, तळात पाण्याचा थेंब नाही. हायस्कूलची पोरं, भाजीच्या पाट्या, एखादी मोटारसायकल, एवढं आरामात जायचं. मेंढरं मात्र बाराच. गुंडानं बिभीषणतात्याला फोन करून सांगितलं, "तात्या, बारकी हाय, पर रातध्याड खेपा करीन." अण्णा दगडावर बसून शिव्या द्यायचे, कबूल केल्याप्रमाणं.

तीन आठवड्यांनी, दिवाळीला चार दिवस असताना, कस्तुराबाई धुणं घेऊन घाटावर गेली होती. ती धुणं तसंच टाकून घरी आली. गुंडा जेवत होता. तिनं खांद्यावर टिचक्या मारल्या नाहीत, सरळ समोर येऊन बसली.

"थोरली आलीया."

"कोन थोरली?"

"तुमची उजनीची. ट्रकवर. म्होरं केबिनमदी अण्णा बसल्यात, आन मागं इरुपाक्ष दोर धरून उभा हाय."

गुंडा हात धुऊन घाटावर गेला. ट्रकमधून होडी उतरवायला दहा-बारा माणसं लागली होती. त्याला बघून अण्णांनी हाक मारली, "ये रं, हात लाव." त्यानं हात लावला. होडी पाण्यात गेली. मग अण्णा त्याच्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिले.

"विरुपाक्षचं काम सुटलं. माग बंद पडले. हेमावती महिनाभर माज्याकडंच हाय. जावयाचं बघावं लागतंय की."

"आन बेरिंग?"

"घेतलं दुरुस्त करून," अण्णा म्हणाले.

गुंडानं मान डोलावली. त्याला वाईट वाटलं, पण ते वाईट वाटणं अजून साधं होतं. जावई आहे, मुलगी घरी आलीय, माणूस काय करणार. आपल्याला आधी सांगायला हवं होतं, एवढंच.

कस्तुराबाईला एवढंच वाटत नव्हतं. "दुरुस्त? तुमीच सांगितलं हुतं न्हवं, अण्णा म्हनले हंगाम जाईल म्हणून. इंजिन उतरवायचं, सोलापूरला न्यायचं, घासायचं, परत बसवायचं. तीन आठवड्यांत?"

"ओळखीचा मिस्त्री असंल."

"तुमच्यासाठी न्हवता व्हय तो वळखीचा?"

"गप की आता."

"मी गप बसते. तुमाला तसंबी ऐकू येत न्हाई."

दिवाळीनंतर सहाव्या दिवशी बिभीषणतात्याचा कळप आला. एकशे नव्वद मेंढरं, दोन घोडी, कुत्री, बिऱ्हाड. सत्तरी गाठलेला तात्या काठावर उभा राहून दोन्ही होड्यांकडं बघत होता. गुंडा आपल्या होडीत उभा होता. विरुपाक्ष आपल्या.

"गुंडा," तात्या म्हणाला, "तुज्यात किती?"

"बारा."

"आन त्याच्यात?"

"चाळीस," विरुपाक्षनं सांगितलं.

तात्यानं मिशीवरून हात फिरवला. "उन्हाच्या आत पल्याड जायला पायजे, लेका. पान्यावर मेंढरू लई येळ थांबत न्हाई, तुला काय सांगायचं. रागावू नगंस."

"जावा की तात्या. त्यात काय."

"तू ये धरायला. तुज्या हाताला गप बसत्यात ती."

म्हणून गुंडा थोरलीत चढला. चाळीस मेंढरं आत घेतली. एक गाभण मेंढी बिथरली होती, तिला मांडीवर घेऊन तो सवयीनं जिथं जागा सापडली तिथं बसला, आणि ती जागा इंजिनाशेजारची होती. विरुपाक्षनं हँडल मारलं. "मामा, सांभाळून हं," तो म्हणाला. विरुपाक्ष तसा वाईट पोरगा नव्हता.

होडी काठ सोडून निघाली. गुंडाची नजर इंजिनावर गेली. जुना हिरवा रंग, त्याच्यावर तेलाचा आणि धुळीचा थर. इंजिन उतरवायचं तर आधी पायाचे चार बोल्ट सोडवावे लागतात. खोलायचं तर झाकणाचे आठ. पान्यानं फिरवलेला बोल्ट लपत नाही. त्याच्या कोपऱ्यांवरचा रंग उडतो, धातू चकाकतो. गुंडानं पायाचे चारही बोल्ट बघितले. मग झाकणाचे आठ, एकेक करून. बाराही बोल्टांवर रंग अख्खा होता. बोल्ट आणि झाकण यांच्या फटीतसुद्धा तो रंग सलग गेला होता, कारखान्यात मारला होता तसा. या इंजिनाला कित्येक वर्षांत कुणी पाना लावलेला नव्हता.

मग त्यानं मेंढी डाव्या हातात घट्ट धरली आणि उजवा तळहात इंजिनावर सपाट ठेवला.

नदीच्या मध्यापर्यंत त्यानं तो उचलला नाही. त्यानं बोटं हलवून जागा बदलली, पहिल्या सिलिंडरखाली, दुसऱ्याखाली, परत पहिल्या. एकामागून एक, एकामागून एक, दोन्ही सारखे. ठोका नव्हता. आज नव्हता, म्हणजे त्या दिवशीही नव्हता. बेरिंग आपोआप दुरुस्त होत नाही.

हात गरम झाला म्हणून त्यानं काढून घेतला, तेव्हा त्याला मैंदर्गीचा बाजार आठवला. सात-आठ वर्षांपूर्वी एक बोकड घ्यायला तो आणि बिभीषणतात्या गेले होते, आणि अण्णा सहज म्हणून बरोबर आले होते. तात्यानं बोकड चाचपला, हो म्हटलं आणि गुंडानं लगेच दावं हातात घेतलं. येताना अण्णांनी विचारलं होतं, "तू स्वतः का हात लावला न्हाईस रं?" आणि गुंडानं त्यांना ती रीत सांगितली होती. सगळी, बापाच्या लंगड्या मेंढरासकट. अण्णा किती तरी वेळ हसत होते. "म्हणजे तुमच्यात पारख्यानं मनात आणलं तर झालंच की," असं म्हणाले होते.

पाच खेपा झाल्या. कळप पलीकडं गेला. तात्यानं जाताना गुंडाच्या डोक्यावर हात ठेवला. शेवटच्या खेपेला परत येऊन गुंडा उतरला तो सरळ अण्णांच्या दगडापाशी गेला. अण्णा एकटेच होते. गुंडा त्यांच्या उजव्या हाताला बसला, एसटीत बसला होता तसा.

"अण्णा, इंजिन खोललेलं न्हाय."

"कुणी सांगितलं?"

"बोल्टांनी."

"हम्म."

"ठोका नव्हता."

"न्हवता," अण्णा म्हणाले.

एवढ्या सहज ते म्हणतील असं गुंडाला वाटलं नव्हतं. त्यानं मनात जुळवून आणलेलं पुढचं सगळं बोलणं त्यामुळं वायाच गेलं.

"ऐक," अण्णा म्हणाले. त्यांनी त्याच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला, कस्तुराबाई टिचक्या मारते तिथंच. "तुजे कान गेलेत. चाळीस माणसं बसवून नदीत जाणार तू. उद्या खरंच ठोका लागला, तर तुला कळंल? माणसं मरतील गुंड्या."

"मग तितंच म्हनायचं हुतं. तुज्याच्यानं व्हणार न्हाय म्हनायचं. तुमचं म्या कवा ऐकलं न्हाय?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आता लई बरं वाटतंय."

अण्णांनी हात काढून घेतला. "धाकटीबद्दल खोटं बोललो का मी? सांग. एक शब्द खोटा हाय का?"

"न्हाय. ती चांगली हाय."

"मग?"

गुंडानं त्यांच्याकडं बघितलं. "माजे कान कुटं गेले, अण्णा? कुनाच्या होडीवर?"

खाली घाटावर विरुपाक्ष होडीतल्या लेंड्या झाडून टाकत होता. अण्णा उठायला लागले, गुडघ्यानं दगा दिला, तसा गुंडानं त्यांना दंडाला धरून उभं केलं. ते घराकडं गेले.

आता फाल्गुन चालू आहे. पाणी खाली गेलंय आणि दोन्ही होड्या घाटाच्या खालच्या पायऱ्यांशी लागतात. मोटारसायकली, पोती, लग्नाची वऱ्हाडं थोरलीत जातात. हायस्कूलची पोरं आणि म्हाताऱ्या बायका गुंडाच्या होडीत बसतात, कारण तो हळू नेतो. घर चालतं. अण्णा आणि गुंडा बोलत नाहीत असंही नाही. बंधाऱ्याचे दरवाजे टाकणार आहेत, डिझेल कुठल्या पंपावर चांगलं मिळतं, एवढं बोलणं रोज होतं. परवा धाकटीच्या दांड्याशी पाणी झिरपायला लागलं तेव्हा अण्णांनी न सांगता ग्रीसची दोरी पाठवून दिली. गुंडानं ती ठासली. पाणी थांबलं.

कस्तुराबाईनं हेमावतीशी बोलणं सोडलंय. गुंडा तिला म्हणाला, पोरीचा काय दोष, पण ती ऐकत नाही. तिचा हिशेब सरळ आहे: त्या माणसानं घरात बसून घाट दिला आणि बाहेर जाऊन काढून घेतला. गुंडाचा इतका सरळ लागत नाही. खेप नसली की तो होडीत बसून तोच दिवस पुन्हा पुन्हा उलगडतो. एसटीत हेमावतीचा फोन आला होता, आणि थोरली उतरवली तेव्हा अण्णा म्हणाले होते की ती महिनाभर माहेरीच आहे. दिवस मोजले तर त्या फोनच्या आधी आठवडाभर ती इथं आलेली असणार. म्हणजे निघतानाच सगळं ठरलं होतं. पण मग घरून तिचा फोन कशाला? आणि ठरलंच होतं, तर अण्णांनी थोरलीला तीनदा काठी का लावली? ठरवून आलेल्याला एकदा नुसतं लावल्यासारखं करूनही चाललं असतं. तीनदा ऐकणारा माणूस काहीतरी तोलत असतो.

"कसंबी ठरवलं असंल," कस्तुराबाई म्हणते. "होडी गेली ती गेली. तुमाला काय करायचंय?"

गुंडाला करायचंय. ते घरूनच ठरवून निघाले असतील, तर त्या सकाळी एसटीत त्याच्याशेजारी बसलेला माणूस आधीच परका होता, आणि मग त्याच्याही मागं, एकोणीस वर्षांत कुठं कुठं तो परका होता, ते शोधत बसावं लागेल. आणि ते तिथं, काठी लावल्यावर, इतकं चांगलं इंजिन ऐकून मनात आलं असेल, तर निदान त्या काठापर्यंत तरी ते त्याचे अण्णा होते. रोज सकाळी अण्णा दगडावर येऊन बसतात तेव्हा गुंडा होडीतलं पाणी उपसत असतो, आणि रोज त्याच्या तोंडाशी येतं तेवढंच एक: अण्णा, घरनं निघतानाच ठरवलं हुतं, का काठी कानाला लावल्यावर?